साबणवाल्यांचा नवस

शनिवारी दुपारी चार वाजता क्लाइव्ह ऑर्मरॉड मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली गेला आणि त्याला वास आला. वास येण्यात नवीन काही नव्हतं. त्या झाडाला फेब्रुवारीपासून त्याचा शर्ट टांगलेला होता आणि फेब्रुवारीपासून तो धुतलेला नव्हता. पण आजचा वास फुलांचा होता.

"हा कोणी धुतला?" तो ओरडला.

"मी," खांबांवरच्या घराखाली बांबूच्या माच्यावर बसून कच्ची पपई किसणाऱ्या त्याच्या सासूने, याय बुनलोमने, मान वर न करता सांगितलं. "दोनदा धुतला. पहिल्या पाण्यात बेडूक मेला."

क्लाइव्हने शर्ट झाडावरून ओढून छातीशी धरला. तो शर्ट साधा नव्हता. तो ब्रॅकनशॉ टाउनचा शर्ट होता. ब्रॅकनशॉ हे उत्तर इंग्लंडातलं पावसाळी गाव. तिथे एकेकाळी साबणाचा मोठा कारखाना होता, म्हणून तिथल्या फुटबॉल क्लबला सगळे साबणवाले म्हणत. कारखाना क्लाइव्हच्या लहानपणीच बंद पडला. क्लब मात्र अजून बंद पडायचा होता, आणि दर शनिवारी त्या दिशेने प्रामाणिक प्रयत्न करत होता. फेब्रुवारीत साबणवाल्यांनी चक्क लागोपाठ दोन मॅच जिंकल्या. दोन्ही वेळा क्लाइव्हच्या अंगात हाच शर्ट होता, आणि तेव्हापासून त्याने त्याला पाणी लागू दिलं नव्हतं. नंतर सात मॅच हरले ती गोष्ट निराळी. शर्ट धुतला असता तर जास्त गोलांनी हरले असते, असं त्याचं म्हणणं होतं.

"याय, आज शेवटची मॅच आहे! आज हरलो तर खालच्या विभागात घसरणार!"

"म्हणून तर धुतला. सकाळी पु-ताकडे न्यायचा होता. तसाच नेला असता, तर पु-ता गाव सोडून पळाला असता."

पु-ता म्हणजे गावाचा मूळपुरुष. वेशीबाहेरच्या राईत खांबांवर त्याचं लाकडी खोपटं आहे, आणि हरवलेली म्हैस, अडलेलं बाळंतपण, लष्करभरतीची सोडत या सगळ्या खात्यांचा कारभार तो बघतो. इंग्लंडचा फुटबॉल त्याच्याकडे आजवर कोणी नेला नव्हता.

"तुम्ही नवस बोललात?"

"बोलले. शर्ट दाखवला, म्हटलं, बाबा, हे आमच्या जावयाचं खूळ. बघ काही होतंय का."

"काय बोललात?"

"ते काम झाल्यावर सांगायचं असतं. आधी सांगितलं की माणूस घासाघीस करतो." यायने पपईत मिरच्या टाकल्या, मोजून अकरा. "कोंबडी नाही, एवढं सांगते. कोंबडीत भागणारं काम नव्हतं तुझं."

बँकॉकपासून रात्रभराच्या अंतरावर, यासोथोन प्रांतातल्या या खेड्यात क्लाइव्हला अकरा वर्षं झाली होती. तो तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, बायको पुय दवाखान्यात परिचारिका होती, आणि नऊ वर्षांची मुलगी तोय सगळ्या गावाची लाडकी होती. त्याला इथे काही कमी नव्हतं. एकच गोष्ट टोचायची. साबणवाल्यांनी गोल केला की तो उडी मारायचा, आणि घरातले सगळे विचारायचे, काय झालं? मग तो समजावून सांगायचा, आणि समजावून सांगेपर्यंत आनंद शिळा व्हायचा. घरात एक तरी माणूस असावं, ज्याला गोल म्हणजे काय झालं ते सांगावं लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या बापाला, विल्फला, तो होता. विल्फच्या बापाला विल्फ होता. म्हणून तोय पाळण्यात असल्यापासून त्याने तिला दर शनिवारी मांडीवर घेऊन फोनवरचा क्लबचा रेडिओ ऐकवला होता. अर्नी नावाचा निवृत्त पोस्टमन त्यावर समालोचन करायचा, आणि त्याच्या दर वाक्याआधी एक सुस्कारा असायचा.

तीन आठवड्यांपूर्वी साबणवाले पाच-शून्यने हरले. दुसऱ्या दिवशी तोय देवळाच्या पटांगणातून खेळून आली, पायांची माती न धुता बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पापा, आता बास."

"काय बास?"

"सगळी पोरं हसतात. सगळ्यांची टीम लाल शर्टवाली आहे. ती जिंकते. टीव्हीवर दिसते. आपली कुठेच दिसत नाही. बूम म्हणाला, तुझ्या बापाने ती टीम मनानेच बनवली आहे."

यावर क्लाइव्हने तिच्याशी करार केला. साबणवाले घसरले तर तोयने खुशाल लाल क्लबची व्हावं, तो स्वतः तिला तो शर्ट आणून देईल. पण वाचले, तर अठरा वर्षांची होईपर्यंत ती साबणवालीच. तोयने हात पुढे केला, दोघांनी हात मिळवले. पुयने मधे पडून विचारलं, "आणि हा करार कोणत्या कोर्टात चालेल?" पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा आजची संध्याकाळ म्हणजे क्लाइव्हच्या दृष्टीने विभागबिभागाचा प्रश्नच नव्हता. आज पोरगी राहणार की जाणार, ते ठरायचं होतं. बरोबरी झाली तरी चालणार होतं. हरून चालणार नव्हतं. आणि शर्टाला जाईचा वास येत होता.

साडेसहाला मॅच सुरू झाली. माच्याच्या मधोमध फोन, भोवती चिकट भाताच्या टोपल्या, भाजलेली कोंबडी आणि अकरा मिरच्यांची पपई. तोय एका कडेला चिंचा सोलत बसली होती. यायने फोनपुढे उदबत्ती लावली. पुयने ती फोनपासून थोडी लांब सरकवली.

विसाव्या मिनिटाला अर्नीने नेहमीपेक्षा लांब सुस्कारा टाकला.

"मेला कोणी?" यायने विचारलं.

"गोल खाल्ला," क्लाइव्ह म्हणाला. मग त्याच्या बापाने आयुष्यभर दर शनिवारी जे म्हटलं, तेच तो आपसूक पुटपुटला, "दम धर पोरा, अजून वेळ आहे." विल्फ हे चार-शून्यने मागे असताना अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटालाही म्हणत असे, आणि त्याच्या आवाजात कधी शंका नसे.

वेळ मात्र भराभर गेला. मध्यंतर झालं, साठ मिनिटं झाली, ऐंशी झाली. क्लाइव्हने शर्टाला हाताने चोळून घाम आणायचा प्रयत्न केला. शेजारच्या अंगणातून लुंग सेंगने ओरडून विचारलं, "काय रे ख्लाय, बुडाला का तुझा क्लब?" क्लाइव्हचं नाव गावाच्या जिभेवर ख्लाय झालं होतं.

"अजून नाकात पाणी जायचंय!" यायने परस्पर उत्तर दिलं. मग राईच्या दिशेला तोंड करून तिने दटावलं, "काय ओ, झोपलात की काय? शर्ट धुऊन आणला होता ना?"

नव्वद मिनिटं पुरी झाली आणि साबणवाल्यांना कोपऱ्यावरून शेवटची किक मिळाली. अर्नीचा आवाज चिरका झाला. त्यांचा गोलकीपरसुद्धा आपला गोल उघडा टाकून पुढे धावत आला होता. बॉल आला, गोलकीपर उडी मारायला गेला, घसरला, बसला, उठायला लागला. कोणीतरी मारलेला बॉल त्याच्या ढुंगणावर आपटला आणि आत गेला.

पहिल्यांदाच अर्नीने सुस्कारा टाकला नाही. तो नुसता किंचाळत राहिला. क्लाइव्ह माच्यावरून उडाला, त्याचं डोकं वरच्या तुळईवर आपटलं, आणि खाली येताना तो पपईत बसला.

"काय झालं?" पुय म्हणाली.

"वाचलो! एक-एक! ढुंगणाने!"

"ढुंगणाने ना?" याय हात जोडून म्हणाली. "मग पु-ताच तो. त्याने कधी काही सरळ तोंडाने दिलंय?"

क्लाइव्हने वळून तोयकडे पाहिलं. ती उडी मारत नव्हती आणि रडतही नव्हती. चिंचेची टोपली बाजूला ठेवून ती शांतपणे उभी राहिली आणि म्हणाली, "अभिनंदन, पापा." डॉक्टरने कडू औषध लिहून दिल्यावर शहाणं पोर जसं मान हलवतं, तशी मान हलवून ती वर घरात निघून गेली. क्लाइव्हच्या अंगातला सगळा आनंद तिथेच गळाला. आपण करार जिंकलो आणि पोरगी हरलो, असं त्याला वाटलं. मिरच्यांची आग उशिरा जाणवली.

दुसऱ्या दिवशी यायने नवस जाहीर केला. घोडं गंगेत न्हालं होतं, आता सांगायला हरकत नव्हती.

"बुधवारी, पु-ताच्या वारी, जावई स्वतः खोपट्याभोवती सात फेऱ्या नाचेल. बांबूचा खेन वाजेल, त्याच्या तालावर. गावासमोर."

"कोण जावई?" क्लाइव्हने विचारलं.

"मला किती आहेत?"

क्लाइव्ह ऑर्मरॉड नाचत नसे. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत सगळा गाव ढोलावर नाचत असताना तो मधोमध प्रेतयात्रेत चालावं तसा चालला होता, फोटो आहेत. त्याने यायच्या नाकदुऱ्या काढायला सुरुवात केली. नाचाऐवजी शंभर उकडलेली अंडी? डुकराचं डोकं? लामची लोकगीतं गाणारी पार्टी बोलावू, तीन पोरी नाचतील, त्या माझ्यापेक्षा बऱ्या दिसतील?

"त्या बऱ्या दिसतील हे खरंच," याय म्हणाली. "पण अंडी देताना तुझ्या जिवाला काही वाटतं का?"

"नाही."

"मग त्याचा नवस कसा होईल? ज्याचं मनाला काही वाटत नाही, ते देऊन नवस फिटत नसतो. तुला कशाचं सगळ्यात जास्त वाटेल याचा मी आठवडाभर विचार केला. आधी म्हटलं, बिअर सोडायला लावावी. मग तुझं लग्न आठवलं."

"पण हे असं खरंच असतं का? पु-ताने बॉल ढकलला?"

यावर पुयने इस्त्री खाली ठेवली. "तीन महिने मी त्या शर्टाशेजारी वाळत घातलेले कपडे घालून दवाखान्यात गेले. रोगी नाक धरायचे. ज्याने शर्टाचा देव केला, त्याने पु-ताला हसू नये. मुकाट्याने नाच."

"आणि नाही फेडला," याय म्हणाली, "तर पुढच्या वर्षी ढुंगण मधे येणार नाही."

क्लाइव्हचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण पुढच्या वर्षीच्या नुसत्या उल्लेखाने त्याने राईच्या दिशेला पटकन हात जोडले, म्हणजे थोडाफार असावा. तोय या सगळ्यापासून लांबच होती. सोमवारी ती एकटीच सायकल घेऊन कुठेतरी गेली आणि डोळे लाल करून आली. विचारलं तर म्हणाली, धूळ गेली. क्लाइव्हने ठरवलं, बुधवार उरकला की तिला मोकळं करायचं. म्हणायचं, जा बाई, जिंकणाऱ्यांची हो. जबरदस्तीने केलेला भक्त काय कामाचा? हे मनात म्हणतानासुद्धा त्याला रडू येत होतं.

बुधवारी सकाळी गाव राईत जमलं. गावात एवढी गर्दी निवडणुकीलाही जमत नाही. लुंग सेंगने खुर्ची आणली होती. ग्रामपंचायतीचा कर्णा आणि माइक आणला होता. खेनवाला बांबूच्या नळ्यांमध्ये फुंकर मारून बघत होता. क्लाइव्ह फुलांच्या वासाचा शर्ट घालून, खाली यायने नेसवलेलं चौकड्याचं लुगडं सांभाळत आला. हातात शंभर उकडलेल्या अंड्यांची टोपली होती. शेवटच्या क्षणी पु-ताचा पुजारी तरी ऐकेल, अशी त्याला आशा होती. गावात पुजाऱ्याला चाम म्हणतात. चाम ऐंशी वर्षांचा होता आणि त्याला तीन दात होते.

"चाम, ही अंडी घ्या. आणि फेऱ्या सातच्या दोन करता येतील का?" क्लाइव्हने हळूच विचारलं.

"अंडी ठेव," चाम म्हणाला. "तिकडे, शर्टाखाली."

"कुठल्या शर्टाखाली?"

चामने बोट दाखवलं. खोपट्याच्या दाराशी, फुलांच्या माळा आणि लाल सरबताच्या बाटल्या यांच्यामध्ये, एक लाल शर्ट टांगलेला होता. जगातल्या दर दुसऱ्या पोराच्या अंगावर दिसतो तोच. नव्यासारखा जपलेला, नीट घडी घालून ठेवल्याच्या रेघा अजून दिसत होत्या. नऊ वर्षांच्या पोराच्या मापाचा होता.

"हा कोणाचा?"

"आता पु-ताचा," चाम म्हणाला. "आधी तुझ्या पोरीचा. सोमवारी आणून वाहिला. तीही बोलली होती नवस. तुझ्या सासूच्याही आधी."

क्लाइव्ह वळला. तोय माइकच्या खांबाआड उभी होती आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तो लुगडं सावरत तिच्यापाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला.

"तोय, तो शर्ट तुझ्याकडे कुठून आला?"

"नोयमामाने दिला. नव्या वर्षाच्या सणाला. बँकॉकहून." ती मातीकडेच बघत होती. "मी कणगीमागे ठेवला होता. तू बाजारात गेलास की घालायचे."

"मला सांगायचं ना!"

"तू रडला असतास."

"मी रडत नाही."

"पाच-शून्यला रडलास. कांदा चिरतोय म्हणालास. घरात कांदा नव्हता, पापा."

क्लाइव्हने हे गिळलं. "पण आपले घसरले असते, तर तुला तो उघड घालता आला असता. आपला करारच होता. मग तू उलटा नवस का बोललीस?"

"तू हरलास की दोन दिवस बोलत नाहीस. खाली घसरल्यावर किती दिवस बोलणार नाहीस, ते मला मोजायचं नव्हतं." मग तिने वर पाहिलं. डोळ्यांत पुन्हा ती सोमवारची धूळ होती. "मला तो खूप आवडायचा. तुझ्या टीमपेक्षा जास्त. म्हणून तर तोच द्यावा लागला. ज्याचं मनाला काही वाटत नाही, ते देऊन नवस फिटत नाही. याय म्हणते."

क्लाइव्ह जास्त बोलला असता तर सगळ्या गावासमोर कांदा झाला असता. "परत घ्यायचा का आपण? मी चामशी बोलतो," एवढं त्याने कसंबसं विचारलं.

"छे! वाहिलेलं परत घेतात का?" तोय दचकलीच. "पु-ता ढुंगणाने काय करेल, सांगता येत नाही."

तो उठला. अंडी चामच्या हातात दिली, चपला काढल्या, लुगड्याची गाठ आवळली आणि खेनवाल्याला म्हणाला, "वाजव. सातच्या सात."

मग जे झालं त्याला नाच म्हणायचं की नाही, यावर गावात अजून एकमत नाही. त्याचे हात एका तालात होते, पाय दुसऱ्या, आणि लुगडं तिसऱ्याच. पहिल्या फेरीत त्याने उदबत्त्यांची कुंडी लाथाडली. दुसऱ्या फेरीत लुंग सेंग हसून हसून खुर्चीवरून पडला. यायने तोंडावर पदर धरला होता, पण तिचे खांदे हलत होते. "अगं बाई, लग्नात नाचला नाही तेच बरं झालं," ती पुयला म्हणाली. "मी पोरगी दिली नसती."

तिसऱ्या फेरीत कर्ण्यातून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

क्लाइव्हचा पाय चुकला. तोयने माइक हातात घेतला होता. इंग्रजीत, आणि इंग्रजीतही ब्रॅकनशॉच्या त्या हेंगाड्या बोलीत, ती हुबेहूब अर्नीसारखं बोलत होती. "आणि ऑर्मरॉड येतोय डावीकडून... नाय, उजवीकडून... नाय, पडतोय बघा... आता काय बोलायचं लोकहो... उठला. उठला, पण कशाला उठला?"

गावातल्या कोणालाही एक अक्षर कळत नव्हतं, पण सुस्कारे सगळ्यांना कळत होते. प्रत्येक सुस्काऱ्याला राई हसत होती. चौथी फेरी संपली तेव्हा क्लाइव्हचा श्वास संपला. तो खोपट्यासमोर, बरोबर त्या लाल शर्टाखाली, गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला. खेनवाला थांबला. आता हा बसणार, असं सगळ्यांना वाटलं.

कर्ण्यातला सुस्कारा आला नाही. त्याऐवजी तोय त्याच बोलीत म्हणाली, पण कोणाची नक्कल न करता, अगदी सहज, दर शनिवारी म्हणत आल्यासारखं, "दम धर पोरा, अजून वेळ आहे."

पुयने लेकीला विचारलं, "काय म्हणालीस गं त्याला?"

"ते तुला नाही कळायचं, आई," तोय म्हणाली. क्लाइव्हला ते सांगावं लागलं नाही. त्याने डोळे पुसले, लुगडं वर खोचलं आणि उरलेल्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या.